आडवी वीट

तोलार चौथ्यांदा मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि चौथ्यांदा त्याचा हात नुसत्या हवेवर पडला. मांडीएवढ्या उंचीवर, जिथे त्या राशीचा माथा यायचा, तिथे काहीच नव्हतं. त्याने बॅटरी खाली धरली. फरशीवर लाकडी पाटाचा चौकोनी डाग तेवढा उरला होता. त्याने तो बुटाच्या टोकाने घासून पाहिला. डाग काही गेला नाही.

तो खोकला, आणि खोकला परत आला. एवढ्याशा आवाजाने तो दचकला. पंचवीस वर्षांत हे तळघर साध्या खोकल्याला कधी उलटून बोललं नव्हतं. चांदीच्या विटांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेलं असायचं तेव्हा इथे हातोडा पडला तरी आवाज जागच्या जागी मरायचा. गेल्या वर्षभरात राशी जाऊ लागल्या, तसतसा आधी हातोडा घुमायला लागला, मग बोलणं. आता खोकलासुद्धा.

"काका, सापडलं का काही?" वरच्या जिन्यावरून साहेबांनी विचारलं.

"बघतोय."

"लवकर बघा. कारखान्याचा पुन्हा फोन आलाय. गेल्या मंगळवारच्या मालात तीन किलो कमी भरलेत म्हणे. पंचवीस वर्षांत तुमच्या काट्यात तीन ग्रॅमचा फरक नाही, आणि आज तीन किलो?"

तीन किलो. इथली प्रत्येक वीट तीस किलोच्या आसपास भरायची. सत्तावीस किलोची एकच होती. ती या भिंतीपाशी, शेवटच्या राशीवर, एकटी आडवी ठेवलेली असायची. ती विकाऊ नव्हती, कंपनीची नव्हती, कुठल्या व्यापाऱ्याची नव्हती. ती फोटोवाल्या बाईंची होती. आणि परवा, गुरुवारी, बाई ती बघायला येणार होत्या.

तो पाटाच्या डागावर मटकन बसला.

तेरा वर्षांपूर्वी फोटोवाले स्वतः ती घेऊन आले होते, बायकोबरोबर, चाकांच्या पिशवीत घालून. पिशवीचं एक चाक पायरीवर मोडलं होतं आणि त्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं. शहरात चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ. फोटो धुताना कागदावरची जास्तीची चांदी पाण्यात उतरते, ते पाणी लोक मोरीत ओततात. यांनी ओतलं नाही. आपलं साठवलं, इतर स्टुडिओंचं मागून आणलं, दोन इस्पितळांचे जुने एक्स-रे उचलले. शेजारीपाजारी म्हणायचे, फोटोवाल्याला पाणी साठवायचं वेड लागलंय. स्टुडिओ बंद केला त्या वर्षी सगळी चांदी एका ओतकाम करणाऱ्याकडे नेऊन त्यांनी एकच वीट पाडून घेतली. साचा मोठ्या विटेचाच, पण चांदी कमी पडली, म्हणून उंचीला बोटभर बुटकी. वर ना शिक्का, ना नंबर.

"यात गावातली सगळी तोंडं आहेत," फोटोवाले म्हणाले होते. "लग्नातली, पासपोर्टची, रुसलेली. इथून हलणार नाही ना?"

"मी आहे तोवर नाही हलायची," तोलार म्हणाला होता. असं आपण म्हणतोच. काट्यावर मात्र तो शब्द कधी चढवला नव्हता.

बोटभर बुटकी वीट थरात बसवता येत नाही, वरचा थर डुगडुगतो. म्हणून तोलाराने ती राशीच्या माथ्यावर आडवी ठेवली. तेव्हापासून तळघराचा नियमच झाला: आडवी दिसली की हात लावायचा नाही. कुठेही लिहिलेला नव्हता, पण नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच सांगितलं जायचं. पुढच्याच वर्षी फोटोवाले गेले. ते गेले त्या तारखेला दर वर्षी बाई एकट्या यायच्या. तोलार त्यांना खाली न्यायचा, खिशातलं पिवळं फडकं काढून वीट पुसायचा, मग त्यावर स्वतःचा हात ठेवायचा आणि म्हणायचा, "ही बघा. आहे जागेवर." बाई शेजारी तळवा टेकवायच्या. पाच मिनिटं. मग वर जाऊन चहा.

वर गेल्यावर वीट ठेवीत असल्याचं कंपनीचं पत्र पाकिटातून दिलं जायचं. बाई ते उघडताना दिव्याकडे पाठ करून कोपऱ्यात जायच्या. पहिल्या वर्षी तोलार चकितच झाला, तेव्हा त्या हसल्या होत्या.

"सवय हो, भाऊ. फोटोचा कोरा कागद पाकिटात यायचा. उजेड लागला की संपला. मी नवीन असताना एकदा उघडलं खिडकीत, तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून ह्यांनी 'दिवा' म्हटलं की मी दिवा बंद करायची. 'लाव' म्हणेपर्यंत बटणाला हात लावायची टाप नव्हती."

हे सगळं आठवत तोलार डागावर बसून राहिला. कोणी हलवली, हा प्रश्नच नव्हता. त्यानेच हलवली होती.

गेल्या सोमवारी ठेवीदारांची मंडळी काचेपाशी येणार होती. तळघराच्या एका अंगाला जाड काच आहे, तिच्यापलीकडे उभं राहून लोक आपली चांदी बघतात. माल कमी होऊ लागल्यापासून साहेबांनी एक पद्धत पाडली होती: मागच्या राशी पुढे ओढायच्या. पुढची रांग भरलेली दिसली की मागे काय आहे हे कोणी विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवशी शेवटची रास पुढे आली. तिच्या शेजारच्या राशीत एक वीट कमी होती, कोणा छोट्या गिऱ्हाइकाने नेलेली, आणि वरच्या थरात पडलेल्या दातासारखी खिंड दिसत होती.

"काका, ते भोक बुजवा काहीतरी करून," साहेब काचेपलीकडून खुणा करत होते. मंडळी जिना उतरत होती.

तोलाराने आजूबाजूला बघितलं, आडवी वीट उचलली आणि खिंडीत बसवली. वरचाच थर, त्यामुळे डुगडुगण्याचा प्रश्न नव्हता. लांबून बोटभर फरक कोणाला दिसतो? संध्याकाळी परत ठेवू, असं मनाशी म्हणाला. संध्याकाळी तीन फोन आले, आणि मंगळवारी सकाळी कारखान्याचे ट्रक तासभर आधीच दाराशी लागले. पूर्वी महिन्याला तीन ट्रक यायचे, त्या दिवशी एका सकाळीच तीन होते. तुफानने माल उचलायच्या गाडीच्या सुळ्यांवर रास उचलली. या तुफानला हे नाव तो गोगलगाईच्या गतीने गाडी चालवतो म्हणून पडलं होतं. त्याने विचारलंसुद्धा होतं, "काका, ही रास पण?"

तोलाराने थर मोजले. पाच सक तीस. "घे," तो म्हणाला होता.

*

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठून दार लावलं. ते ओरडतील असं तोलाराला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"कोणाला बोललात?"

"नाही."

"तुफान?"

"त्याला ठाऊक नाही."

साहेब टेबलावरचं पाणी प्यायले. अलीकडे त्यांच्या ग्लासात पाणी कमी आणि बोटांचे ठसे जास्त असायचे. "काका, खाली किती राशी उरल्यात?"

"एकोणीस."

"दोन वर्षांपूर्वी?"

"दोनशेच्या वर."

"आणि नवा माल येत नाहीये. खाणीतून निघतो तो थेट कारखान्यांत जातो. सौर पॅनेलवाले, गाड्यांवाले, फोनवाले, सगळ्यांची तोंडं उघडी. या एकोणीस राशी मालक अजून नेत नाहीत, कारण त्यांना वाटतं, इथे ठेवलेलं हलत नाही. ठेवीतली एक वीट चुकून बाहेर गेली, असा बोभाटा झाला ना, तर उद्या सकाळी दारात रांग लागेल. आठवड्यात तळघर झाडून घ्याल तुम्ही, स्वतःच्या हाताने."

"पण बाई गुरुवारी..."

"दुसरी ठेवा. आडवी. तीस किलोची ठेवा, बाईंचा तीन किलोचा फायदाच आहे. चांदी ती चांदी."

साहेब वाईट माणूस नव्हते. हिशेबाने बघितलं तर त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

"कारखान्यात जाऊन येतो," तो शेवटी म्हणाला. "अजून शिल्लक असली तर?"

"जा. पण का आलात ते सांगू नका."

*

कारखान्याच्या फाटकाशी उतरेपर्यंत तोलार मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होता: बुटकी आहे, बिनशिक्क्याची आहे, कोणीतरी बाजूला काढली असेल. माणूस टांगणीला लागला की असल्या काडीचाही खांब करतो.

टाक्यांवरचा मुकादम रबराचा एप्रन बांधून बाहेर आला. डोळे लाल, पण बोलका.

"काढली होती ना बाजूला! शिक्का नाही म्हटल्यावर तपासल्याशिवाय टाकीत घालत नाही आम्ही. चांगली निघाली."

तोलाराला एकदम हलकं वाटलं. "मग? कुठे आहे?"

"मग काय, शनिवारी गेली."

"वितळवली?"

"वितळवणं सोपं हो. आम्ही आधी दाणे पाडतो, मग ॲसिडमध्ये विरघळवतो. मग भुकटी, मग लेप. या." त्याने एक निळी-काळी चकती उचलून तोलाराच्या हातात दिली. तिच्यावर केसाहून बारीक रेघा होत्या, शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या. "ही चांदी. एका विटेत दोन हजार पॅनेलं बसतात. जपून धरा, फुटते."

तोलाराने चकती दोन्ही हातांनी धरली. पंचवीस वर्षं तीस-तीस किलो उचललेल्या हातांना तिचं वजनच लागेना. त्याने ती घाईने परत केली.

मुकादमाने आवाज खाली आणला. "एक विचारू? तुमच्याकडे अजून किती आहे? खरं सांगा. आमच्याकडे नऊ दिवसांचा माल आहे. तो संपला की तिन्ही पाळ्या घरी. माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, रोज विचारतात."

"भरपूर आहे," तोलार म्हणाला. "मागे बऱ्याच राशी आहेत."

मुकादमाच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला. आपण किती सहज खोटं बोललो याचं तोलाराला नवल वाटलं. जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत. गुरुवारीही असंच सोपं जाईल, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो विचार त्याला मुळीच आवडला नाही.

निघताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तपासली म्हणजे काय केलंत?"

"भोक पाडलं गिरमिटाने. किस निघतो तो प्रयोगशाळेत जातो."

"तो किस?"

"थोडा वापरतात. उरलेला सहा महिने ठेवतात, उद्या भांडण झालं तर." मुकादमाने त्याच्याकडे नीट बघितलं. "ही वीट कोणाची होती, काका?"

मुकादमाने उत्तराची वाट पाहिली नाही. तो आत गेला आणि दहा मिनिटांनी खाकी कागदाचं एक छोटं, डिंकाने बंद केलेलं पाकीट घेऊन आला.

"निम्मा दिलाय. निम्मा नियमाप्रमाणे इथे राहील. सही करा."

परतीच्या वाटेवर बस दोन पुलांवरून गेली. दोन्ही बाजूंना इमारतींच्या गच्च्यांवर निळी पॅनेलं उन्हाकडे तोंड करून बसली होती. तोलाराने पडदा ओढून घेतला.

*

"अहो, मटार सोलताय की टरफलं खाताय?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तो दुपारीच घरी आला होता. डोकं दुखतंय असं सांगून. त्याने तोंडातलं टरफल काढलं. दाणे टोपलीत आणि टरफलं वाटीत पडली होती. बायकोने दोन्ही आपल्याकडे ओढून घेतलं.

"कालपासून बघतेय. खिशाला सारखा हात. काय आहे त्यात? कोणाचं प्रेमपत्र?"

मग त्याला सांगावंच लागलं. सांगता सांगता त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बायकोने त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"एवढंसं?"

"चार ग्रॅम. दोनशे मिलिग्रॅम वर."

"वजन करून आलात होय!" तिला हसू आलं आणि लगेच गेलं. तिने चार शेंगा सोलल्या. "साहेबांचं ऐका. त्यांचं काही चूक नाहीये. बाईंना जास्तच मिळतंय, कमी नाही. आणि तुम्ही सांगितलंत, बाई चार जणांत बोलल्या, तर? तळघर बंद झालं तर? या वयात तुम्हाला कोण काट्यावर उभं करणार? दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला."

"हं."

"बाईंना कळणार आहे का?"

"कळेल. बारा वर्षं हात लावतायत. आपल्या वस्तूचा हाताला पत्ता असतो."

खरी भीती ती होती. खोटं बोलण्याची नव्हती. बाई तळवा टेकवतील, क्षणभर थांबतील, आणि मग त्याच्याकडे बघतील. ते बघणं त्याला काल रात्रीपासून दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर सगळा मामला चांदीचाच.

"मग कळलं तर कळलं," बायको म्हणाली. "तेव्हा बघू." पण पुढची शेंग तिने नुसतीच हातात धरून ठेवली.

गुरुवारी सकाळी तो निघाला तेव्हा पाकीट टेबलावर नव्हतं. त्याने विचारलं नाही. मनातून त्याला बरंच वाटलं. जिन्यावर रुमाल काढायला शर्टाच्या खिशात हात घातला, तर पाकीट तिथे होतं, आणि खिशाला आतून एक टाचणी लावलेली होती, पडू नये म्हणून.

*

बाई बरोबर अकराला आल्या. यंदा हातात काठी होती.

"गुडघा," त्या म्हणाल्या. "विचारू नका. विचारलंत तर सांगत बसेन."

तोलार त्यांना एकेक पायरी उतरवत खाली घेऊन गेला. काचेपलीकडे साहेब उभे होते, हातात कसलेतरी कागद, नजर कागदांवर नव्हती. तिथून आत दिसतं, ऐकू येत नाही. पुढची रांग भरलेली होती. पलीकडे मागच्या भिंतीपर्यंत नुसती फरशी. सकाळी साहेबांनी स्वतः उभं राहून एक वीट निवडली होती, शिक्क्याची बाजू खाली करवून रांगेतल्या शेवटच्या राशीवर आडवी ठेवून घेतली होती. तुफानला मात्र त्यांनी चहा आणायला पाठवलं होतं.

"जागा बदलली?" बाईंनी विचारलं.

"पुढे घेतलं सगळं. तुम्हाला लांब चालायला नको."

"बरं केलंत." त्यांनी काठी टेकली. टक्. मागच्या भिंतीकडून पुन्हा टक्. बाई थांबल्या. "अगं बाई! घुमतंय की. एवढं रिकामं?"

"कारखान्यांना लागते हल्ली."

"मुलगा रोज फोन करतो. आई, विकून टाक, असा भाव पुन्हा येणार नाही. मी म्हटलं, अरे, तुझा पहिलीतला फोटो आहे त्यात, दात पडलेला. तो विकू?" त्या हसल्या. मग जरा काळजीने म्हणाल्या, "सगळे नेतायत का हो? राहील ना आमची?"

तोलार राशीपाशी जाऊन उभा राहिला. पिवळं फडकं काढायला खिशाकडे हात गेला, टाचणी बोटाला लागली. हात तसाच खाली आला.

बाई वाट बघत होत्या. राशीवर नजर फिरवत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग पुन्हा त्याच्याकडे. त्याला वाटलं, झालं. ओळखलं.

"पुसा ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुसल्याशिवाय मला कसं कळणार कुठली ते?"

"म्हणजे?"

बाईंनी थोडं लाजून खाली बघितलं. "आता काय लपवायचं? मला कधीच ओळखू आली नाही. सगळ्या सारख्याच दिसतात मला. ह्यांना यायची. मी आपली तुमच्याकडे बघते. तुम्ही ज्या विटेवर हात ठेवाल ती आमची. बारा वर्षं असंच चाललंय." त्या कुजबुजल्या, "ह्यांना सांगू नका."

तोलाराच्या छातीवरचा दगड निघून पडला. सुटलो, असं त्याला स्पष्ट, शब्दांत वाटलं. कोणाला काही कळणार नव्हतं, आज नाही, कधीच नाही. काचेपलीकडे साहेबांनी कागद खाली घेतले होते. तोलाराने फडकं काढलं. आडव्या विटेवरून एकदा फिरवलं. मग सवयीने त्याचा हात विटेकडे गेला, आणि त्याच वेळी बाईंचा तळवाही पुढे झाला, हवेत थांबला, त्याचा हात टेकण्याची वाट बघत.

कातडी सैल झालेली, नखांच्या कडा तपकिरी. फोटो धुण्याच्या औषधाचे डाग तसेच राहिलेले. हे हात इतक्या वेळा बघूनही त्याने कधी बघितले नव्हते.

त्याने आपला हात मागे घेतला.

"ही नाही," तो म्हणाला.

"मग कुठली?"

"नाहीये ती. मी हलवली. माझ्या हाताने. चुकून कारखान्यात गेली, आणि शनिवारी..." त्याला 'विरघळली' हा शब्द काढवेना. "मी जाऊन आलो. उशीर झाला होता."

बाईंचा तळवा अजून हवेतच होता. त्यांनी तो हळूहळू काठीवर आणला.

"ही दुसरी तुम्हाला मिळेल," तो घाईघाईने म्हणाला. "तीस किलोची आहे. पण ती तुमची नव्हे, हे मला..." पुढचं त्याला जमलं नाही. त्याने टाचणी काढली, पाकीट बाहेर काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे तुमच्या विटेतलं आहे. तपासायला किस काढला होता. तेवढाच उरला."

बाईंनी पाकीट घेतलं, तळव्यावर ठेवलं, तळवा जरा वर-खाली केला. त्यांचे ओठ हलत होते. त्या रडतील, की साहेबांना हाक मारतील, की उद्या साऱ्या गावाला सांगतील, त्याला काहीच समजेना. त्यांनी यातलं काहीही केलं असतं तरी तो ऐकून घेणार होता.

"डिंक लावलाय," बाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी वर बघितलं. छतावरचा मोठा पांढरा दिवा थेट डोक्यावर होता. कोपरा कुठलाच नव्हता आता, राशी गेल्यापासून तळघरात सावलीलाही जागा उरली नव्हती.

"दिवा," बाई म्हणाल्या.

तोलार भिंतीकडे गेला आणि त्याने बटण दाबलं. काळोख झाला. काचेवर साहेबांची बोटं वाजली, टकटक, मग पुन्हा जोरात. पाठीमागे कागद उघडल्याचा आवाज आला, अगदी बारीक, आणि तो भिंतीपर्यंत जाऊन परत आला.

तोलार बटणावर बोट ठेवून उभा राहिला. बाई 'लाव' म्हणेपर्यंत ते दाबायचं नव्हतं.